इंचूभाऊंची उचल

तुमच्या गावात कुणी बुडायला लागलं, तर तुम्ही हाक कुणाला मारता?

पोलिसांना? येतील. फायर ब्रिगेडला? तेही येतील. पण ते येईपर्यंत? मी हा प्रश्न मुद्दाम विचारते आहे, कारण आमच्या गावाला त्याचं उत्तर ठाऊक आहे. ते उत्तर अंगानं सडपातळ, डोक्यानं टकलं आणि तोंडानं फटकळ आहे, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात मांडववाल्याच्याही आधी येऊन उभं राहतं.

अतिशयोक्ती नाही. मांडववाला टेम्पोतून खांब उतरवत असतो, तेव्हा इंचूभाऊ तिथे आधीच हजर असतात. मांडवाच्या उजव्या अंगाला, जरा मागे, हात पाठीशी बांधून. नवरदेव घोड्यावर बसला की ते घोड्याच्या उजव्या बाजूने, लाथेच्या टप्प्याबाहेरून चालतात. वरात नाचते, ते नाचत नाहीत. पंगती बसतात, ते बसत नाहीत. शेवटची म्हातारी टमटममध्ये चढली, तिची पिशवी तिच्या मांडीवर गेली, की मग ते जेवायला येतात. तोवर जिलबी संपलेली असते. मग यजमानावर खेकसतात, "गार्डला काय ठिवायचं असतंय का न्हाई?"

एकदा खरंच फटाक्यांच्या माळेला घोडा बुजला. नवरदेव हवेत आणि घोडा मळवली स्टेशनाच्या दिशेला. भाऊंनी नवरदेवाला काखेत हात घालून अलगद खाली घेतला, फेटा नीट बसवला आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. घोडेवाला डोक्याला हात लावून ओरडला, "अवो, घोडा का न्हाई धरला?"

"लगीन घोड्याचं व्हतं का?" भाऊ म्हणाले.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर येत्या रविवारी आणखी दोन बस येतील. कार्ल्याच्या अलीकडे, भाज्याच्या पलीकडे, डोंगरातून उतरणाऱ्या एका ओढ्याच्या काठी ते आहे, एवढं पुरे. गावात शेतीवाल्यांची मोठी आळी आहे आणि ओढ्याकडच्या अंगाला आमची बौद्धवस्ती. भाऊ आमच्या वस्तीतले. कागदावरचं नाव अशोक ओव्हाळ. ते नाव फक्त पेन्शनच्या बँकेला माहीत आहे.

'इंचूभाऊ' हे नाव गावाच्या कानांचा पराक्रम आहे. भाऊ नौदलात हेलिकॉप्टरवर होते. उघड्या दारात बसून तारेला बांधलेला माणूस समुद्रातून वर खेचायचा, वेळ पडली तर स्वतः तारेवरून खाली उतरायचं, हे त्यांचं काम. त्या तारेच्या यंत्राला विंच म्हणतात. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा पारावर कुणी तरी विचारलं, "काय म्हून लागलाय नेव्हीत?" भाऊ छाती काढून म्हणाले, "विंचमन." गावानं ऐकलं 'इंचूमन'. इंचू म्हणजे आमच्याकडे विंचू. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी उतारा मागायला दारात हजर.

त्यातच हेलिकॉप्टरचं नाव चेतक. भाऊंनी अभिमानानं सांगितलं, "मी चेतकवर असतो." आता पुणे जिल्ह्यात चेतक म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत. स्कूटर. गावानं निष्कर्ष काढला, की ओव्हाळाचा अशोक बोटीवर स्कूटर चालवतो. वर समजूतदारपणे मानही हलवली, "बोट लय मोठी असतीया. हिकडनं तिकडं जायला गाडी लागनारच की." कित्येक वर्षं भाऊ ह्या स्कूटरशी झगडत होते. घरी येताना हेलिकॉप्टरचा फोटो आणला, तर थोरल्या आळीतले एक आबा तो निरखून म्हणाले, "हां. ही सायबाची. तुजी स्कूटर कुटं हाय ह्यात?"

मी भाऊंना पहिल्यांदा नीट ऐकलं ते सगुणामावशींच्या भज्यांच्या टपरीवर. सगुणामावशी शेतीवाल्या आळीतल्या. पावसाळ्यात शनिवार-रविवार ओढ्याकाठी कांदाभजी, मका आणि चहा विकतात. भाऊंशी त्यांचं रोजचं भांडण. भाऊ गिऱ्हाइकांना पाण्याबाहेर हाकलतात आणि मावशींच्या मते ओलं गिऱ्हाईक जास्त भजी खातं.

त्या दिवशी पुण्याहून आलेल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, की मोठ्या जहाजावर विमानं असताना हेलिकॉप्टरांचं काय काम. बास. भाऊंनी मावशींचं भज्यांचं ताट ओढून घेतलं.

"ही बोट. विमानवाहू. मोठी." ताटातली भजी सरकवून त्यांनी धावपट्टी मोकळी केली. "ही विमानं. पर ह्यांच्यातलं एक बी उठायच्या आदी कोन उठतं?" त्यांनी एक छोटं भजं उचलून ताटाच्या उजव्या बाजूला हवेत धरलं. "आमी! गार्ड हेलिकॉप्टर. पयलं आमी उठनार, आन समद्यात शेवटी आमीच बसनार. बोटीच्या उजव्या अंगाला, जरा मागं. दार उगडं, पाय भायेर. विमान उठलं, बघायचं. विमान उतरलं, बघायचं. चुकून पान्यात गेलं, तर मानूस पुरता भिजायच्या आत आमी डोक्यावर!"

"माझी भजी निवत्यात," मावशी म्हणाल्या.

"हे दुसरं." त्यांनी मोठं भजं घेतलं. "ह्ये दमदार. समुद्रावर थांबतंय, आन तारेला बांधून सोनार खाली पान्यात सोडतंय."

चहा पिणाऱ्यांच्या माना वळल्या.

"सोनार?" मावशींनी झारा खाली ठेवला. "जित्ता सोनार?"

"अगं मावशी, यंत्र! यंत्राचं नाव सोनार! पान्याखाली पाणबुडी कुटं हाय त्ये आवाजावरनं ऐकतंय."

"मंग कानार म्हनायचं. सोनार काय म्हून?"

चष्मेवाले गृहस्थ हसून बेजार झाले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी तिसरं भजं घेतलं. हे रडारवालं. जहाजावर उभं राहून दिसतं तेवढं म्हणजे आपल्या पायरीवरून दिसतं तेवढं; हे वर जाऊन बघतं म्हणजे लोहगडावरून बघतं. चोर पवनेच्या पाण्यापाशी असतानाच कळतो, दारात यायची वाट बघावी लागत नाही. मग त्यांनी ताट बाजूला सारलं, चहाची एक बशी घेतली आणि तिच्यात एकच भजं ठेवलं.

"आन ही ल्हान बोट. ल्हान बोट म्हंजी गरिबाचं घर. घरात बाई एकच. तिनंच पानी भरायचं, तिनंच भाकरी थापायची, तिनंच म्हातारीचे पाय चेपायचे. तसं ह्ये. पाणबुडी बी ह्येच हुडकनार, लांबचं बी ह्येच बघनार, आजारी मानूस ह्येच न्हेनार, जाळ्यात बांधून रेशन ह्येच आननार, टपाल बी ह्येच. आन दमून आलं की बोटीच्या शेपटीवरच्या येवढ्याशा ओट्यावर उतरायचं. तो ओटा बी धड उभा ऱ्हात न्हाई, वर-खाली, वर-खाली. उतरलं की पंख मिटून खोपटात, वटवाघळावानी." त्यांनी बशी हातात धरून अशी हेलकावली, की भजं मावशींच्या पदरात पडलं.

"पडलं की तुमचं," मावशी म्हणाल्या. "त्येला गार्ड न्हाई व्हय?"

भाऊंनी पदरातलं भजं उचललं आणि खाऊन टाकलं. उत्तर दिलं नाही. मला तेव्हा वाटलं, तोंडात भजं आहे म्हणून.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी गावातल्या इतर निवृत्तांसारखं करायला हवं होतं. खंडाळ्याच्या एखाद्या बंगल्यावर वॉचमन, किंवा घरी बसून सरकारला शिव्या. त्यांनी ओढा घेतला. धबधबा जिथे सपाटीला येतो तिथे ग्रामपंचायतीच्या पडीक जागेवर त्यांनी दगडांचा एक ओटा रचला. त्याला ते 'डेक' म्हणतात. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहिला पर्यटक यायच्या आधी ते डेकवर असतात. डोक्यावर जुनं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, बाजूला गुंडाळलेला दोर. कुणी पगार देत नाही. कुणी नेमलेलं नाही. भाऊंना विचारलं तर म्हणतात, "ओढ्यानं नेमलंय."

त्यांचे संवाद ऐकायला मी मुद्दाम जाऊन बसते.

"काका, आम्हाला पोहता येतं," दंड दाखवत एक तरुण म्हणतो.

"तुमाला येतं, बराबर. पर पान्याला तुमी आवडता का न्हाई, त्ये इचारलं का?"

"अंकल, एकच सेल्फी."

"काड की. फोटू चांगला येऊ दे. पेपरात तोच देत्यात."

दारू पिऊन आलेल्या एका टोळक्याला त्यांनी पाण्यात जाऊच दिलं नाही. टोळक्याचा म्होरक्या अंगावर आला, "तू कोण रे? जागा तुझ्या बापाची आहे का?" भाऊ शांतपणे म्हणाले, "जागा पंचायतीची. बाप तुजा. त्येचा नंबर दे, इचारतो, पोरगं परत पायजे का न्हाई." टोळकं भजी खाऊन गेलं.

त्यांचं एक वाक्य आमच्या वस्तीत म्हणीसारखं झालं आहे: "उचल म्हंजी जित्ती उचल." त्यांनी ओढ्यातून कुणाला बाहेर काढलं, की ते 'वाचवला' म्हणत नाहीत. म्हणतात, "आज एक उचल झाली." बाहेरगावचा कुणी ऐकेल तर त्याला वाटेल, भाऊंनी मुकादमाकडून पैसे उचलले.

याच शब्दावरून पुढचं सगळं घडलं.

मागच्या पावसाळ्यात एक तरणा मुलगा मित्रांबरोबर आला होता. भाऊंची नजर चुकवून ही मुलं मागच्या पायवाटेने वर, डोहाकडे गेली. मित्र किंचाळत खाली आले तेव्हा उशीर झाला होता. भाऊ दोर घेऊन धावले, पाण्यात उतरले, पाण्यानं बाहेर फेकलं, पुन्हा उतरले. अंधार पडून गेला तरी शोधत होते. शेवटी गावातल्या माणसांनी त्यांनाच ओढून बाहेर आणलं. मुलगा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी थोडं उतरलं आणि डोहातल्या कपारीत शरीर अडकलेलं दिसलं. ते दिसल्यावर शेतीवाल्या आळीतले एक वजनदार गृहस्थ आमच्या विहारापुढे आले. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पंचायत कुणाचीही असो, अण्णांच्या शब्दावर चालते. भाऊ पायरीवर बसून हाताला झालेल्या जखमांवर हळद लावत होते. मी शेजारी होते.

"अशोकराव," अण्णा म्हणाले. काम असलं की इंचूचे अशोकराव होतात. "चला. उचलायचं हाय."

"जित्तं हाय?"

"आता कसं जित्तं आसंल? काल बुडालंय."

"मंग लोणावळ्याच्या पथकाला फोन करा. पोरं तयारीची हायेत. घंट्याभरात येतील."

"त्येंची वाट कशाला बघायची? तुमी हाय की हितं. तुमचंच काम हाय ते."

भाऊंनी हळदीची वाटी बाजूला ठेवली. "कुनाचं?"

"म्हंजी… तुमाला पान्याचं म्हाईत हाय, म्हून म्हनलं."

"न्हाई, न्हाई. आदी काय म्हनला ते म्हना. 'तुमचंच.' तुमचं म्हंजी कुनाचं, अण्णा?"

अण्णांनी नजर ओढ्याकडे वळवली.

ज्यांना हे 'तुमचंच' कळलं नसेल, त्यांच्यासाठी सांगते. गावात गूर-ढोर मेलं की ते ओढून नेण्याचं काम आमच्या वाड्यानं करायचं, असा रिवाज होता. कुणी विचारत नसे. दारापुढे येऊन 'चला, उचलायचं हाय' एवढंच म्हणत. छप्पन साली आमच्या आज्या-पणज्यांनी धर्म बदलला आणि ते काम टाकलं. टाकलं म्हणजे निवेदन देऊन नाही टाकलं. बहिष्कार सोसून, उपाशी राहून, मार खाऊन टाकलं. माझ्या घरात भिंतीला पाठ टेकायला जागा नव्हती इतकी पत्रकं होती, आणि त्यातलं पहिलं पत्रक मला पाठ होतं ते याच गोष्टीचं. आता गुराच्या जागी माणूस होता, एवढाच काय तो फरक. दारापुढचं वाक्य तेच होतं.

भाऊ उभे राहिले. "माज्या बापानं मेलेलं वडायचा दोर फेकून दिला, अण्णा. मी नेव्हीत जाऊन दुसरा दोर हातात घेतला. त्यो जित्त्याचा दोर हाय. जित्ता मानूस आसंल तर मला झोपेतनं उठवा, जेवताना उठवा, मी येतो. जात इचारनार न्हाई, गाव इचारनार न्हाई. पर मेलेलं उचलायला 'तुमचंच' म्हून कुनी माज्या दारात यायचं न्हाई."

"मानुसकी हाय का न्हाई?" अण्णांचा आवाज चढला.

"हाय की. म्हून तर काल रातच्याला समदे घरी जेवत व्हते तवा मी डोहात व्हतो. तुमी कुटं व्हता?"

अण्णा तणतणत निघून गेले. मी उठले आणि तडक घरी पत्रक लिहायला धावले. भाऊ कुठे गेले ते मी पाहिलं नाही.

लोणावळ्याची मुलं आली. त्यांनी दुपारपर्यंत त्या मुलाला बाहेर काढलं. कपारीत पाणी खालून कसं ओढतं, ते भाऊंनीच त्यांना फोनवर समजावलं होतं. मी नंतर भाऊंना टोकलं, की ही मुलंही मेलेलंच उचलतात, मग त्यांचं काय. भाऊ म्हणाले, "त्ये सोताहून येत्यात, पत्रके. मी त्यांच्या पाया पडंन. पर त्यांच्या दारात जाऊन कुनी 'तुमचंच' म्हनतंय का?"

'पत्रके' हे माझं नाव. मी सतत पत्रकं वाटते म्हणून.

तर ते पत्रक. 'आम्ही मेलेलं उचलणार नाही!' असं मोठ्या टायपात मथळा देऊन मी लिहिलं होतं. भाऊंनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "झ्याक हाय. पर ह्यात समदं न्हाई-न्हाईच हाय. व्हय कुटं हाय?"

"म्हणजे?"

"काय करनार न्हाई, त्ये कळलं. काय करनार, त्ये लिही की."

मी वाद घातला. पत्रकात नकारच ठणठणीत लागतो, असं मी म्हणाले. भाऊंनी कागद परत केला आणि म्हणाले, "तुला हेलिकॉप्टरातनं खाली सोडाय पायजे एकदा. तितं 'न्हाई' म्हनायला तोंड उघडलं की पानीच जातंय."

तोवर गावात वेगळंच पत्रक फिरत होतं, तोंडी. इंचू जातीवर गेला. मेलेल्या पोरावर सूड काढला. एवढी नेव्हीची मिजास, आणि वेळेला पाठ दाखवली. टपरीवाल्यांनाही निमित्त मिळालं. तसंही भाऊंमुळे ओढ्यावर कुणी मनसोक्त डुंबत नाही. मग ग्रामसभेपुढे विषय आला: ओढ्याकाठची पंचायतीची जागा मोकळी करून तिथे पार्किंग. मोकळी करून म्हणजे डेक उखडून.

ग्रामसभेला भाऊ सगळ्यांत आधी आले, हे सांगायला नको. उजवीकडे, मागे, दाराशी उभे राहिले. सरपंचबाई म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची हाय, बसा."

"मी हितं बसनार न्हाई. मी तितं बसनार," भाऊ म्हणाले. सभा हसली. भाऊ नाही हसले. "डेक तोडायचा तर तोडा. मी दगडावर बसंन. दगड उचलला तर चिखलात. पार्किंग केली तर एखाद्या गाडीच्या टपावर. पर मी तितनं उठनार न्हाई. पानी हाय तवर मी हाय."

"तुमाला कुनी नेमलंय?" मागून कुणी तरी ओरडलं. "मेलेल्याला हात लावत न्हाई, मंग जित्त्याला तरी कशाला लावता?"

"लावू नका म्हनावं!" दुसरा म्हणाला. "आन भाऊ, उद्या तुमी सोता बुडाला तर तुमाला कोन उचलनार?"

सभेत खसखस पिकली. भाऊंनी हेल्मेटचा पट्टा हातात घेऊन नुसताच पिळला.

"ल्हान बोटीवर…" त्यांनी सुरुवात केली. "ल्हान बोटीवर हेलिकॉप्टर एकच असतंय. त्ये पान्यात गेलं, तर…"

"तर काय?"

"तर काय न्हाई," भाऊ हळूच म्हणाले.

मी पत्रक घेऊन उभी राहणार होते. माझं भाषण तयार होतं. पण माझ्या आधी सगुणामावशी उठल्या. मला वाटलं, झालं. डेकच्या विरोधात पहिली सही यांचीच असणार.

"सरपंचबाई, मी येक सांगते," मावशींनी पदर खोचला. "ह्यो मानूस माज्या धंद्याचं वाटूळं करतो. त्ये मी त्येच्या तोंडावर सांगते, रोज सांगते. पर त्या दिवशी ह्यानं पाठ दाखवली म्हनता, त्ये खोटं हाय. त्या पोराचा बाप आलता सकाळी. अंगावर ऑफिसचे कपडे. त्यो डोहाच्या काठावर हुबा. तुमी समदे व्हता, अण्णा व्हते, पोलीस व्हते, मी व्हते. समद्यांची नजर पान्यावर. फोनवाले तर झाडावर चढलते. कुनी त्या बापाकडं बघितलं का? मी बी न्हाई बघितलं. चहा द्यायला गेले तवा दिसलं. ह्यो त्येच्या मागं हुबा. कमरंचा पट्टा मुठीत धरून."

सरपंचबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पोरगं वर निघंस्तवर सोडला न्हाई. बाप पुडं झुकला की ह्यो मागं रेलायचा. बाप म्हनला, सोड मला. ह्यानं न्हाई सोडला. बापानं वळून ह्येच्या थोबाडीत मारली, माज्या डोळ्यांदेखत. ह्यानं पट्टा न्हाई सोडला. दुसऱ्या हातानं त्येचा पडलेला चष्मा उचलला, आपल्या बनियनला पुसला आन त्येच्या डोळ्यावर ठिवला. मी दिलेला चहा बी ह्यानंच पाजला, ल्हान पोराला पाजावा तसा. आन तुमी म्हनता, मानुसकी?"

"मावशी, खाली बस!" भाऊ दारातून ओरडले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अण्णांवर चिडले नव्हते एवढे ते मावशींवर चिडले होते. "तुला कुनी इचारलंय का? आपली भजी तळ की गुमान!"

"तळतेच हाय," मावशी म्हणाल्या. "आन तुमी बी तितंच बसा. पर माज्या गिऱ्हाइकावर वरडायचं न्हाई, सांगून ठिवते."

"वरडनार!"

"वरडा, मंग मी बी वरडंन."

सरपंचबाईंनी समोरचा कागद उलटा ठेवला आणि पाणीपट्टीचा विषय घेतला. पार्किंग मंजूर झालं नाही, रद्दही झालं नाही. अण्णा मान खाली घालून बसले होते. त्यांनी माफी मागितली नाही, आणि भाऊंनी मागायला लावली नाही. तो हिशेब संपलेला नाही. पुढच्या सभेत तो विषय पुन्हा येईल, तेव्हा आम्ही तिथे असू.

घरी जाताना मी भाऊंना विचारलं, की हे मला का सांगितलं नाही. पत्रकात घातलं असतं.

"ते पत्रकात घालायचं नसतंय," ते म्हणाले. जरा चालल्यावर म्हणाले, "मोठ्या बोटीवर एकदा विमान गेलं पान्यात. पायलट न्हाई घावला. आमी परत उतरलो. समदे पान्याकडंच बघत व्हते. त्येचा दोस्त एकटाच कठड्याला टेकून. मला वाटलं, असंल असाच." त्यांनी हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं. "मी बी पान्याकडंच बघत ऱ्हायलो, पत्रके. वळलो तवा कठडा रिकामा."

आमच्या पुढे वस्तीतले दिवे लागले होते. भाऊंच्या घरात दिवा नव्हता. त्यांच्या घरात लावणारं कुणी नाही.

मी ते पत्रक फाडलं नाही. त्यातला प्रत्येक नकार खरा आहे आणि मी तो वाटणार आहे, अण्णांच्या दारातसुद्धा. फक्त खाली एक मजकूर जोडते आहे. भाऊंनी विचारलेला 'व्हय' कुठे आहे, ते मला आता कळलं आहे, आणि तो एकट्या भाऊंच्या हातून होण्यासारखा नाही. म्हणून तुम्हाला मागते आहे.

मावळात या, कोकणात जा, कुठल्याही नदी-तळ्याच्या काठी असा. कुणी बुडालं आणि गर्दी जमली, तर फोन खिशात ठेवा. पाण्याकडे बघायला पुष्कळ डोळे असतात. तुम्ही काठावर बघा. ज्याचं माणूस आत आहे, तो त्या गर्दीत एकटा उभा असेल. ओळख नसली तरी त्याच्या मागे जा. पट्टा, पदर, ओढणी, सदऱ्याची बाही, जे हाताला लागेल ते घट्ट धरा. तो शिव्या देईल, ढकलेल, मारेल. तुम्ही सोडू नका.